काळजातलं शिवार कागदावर

 

आज हप्ता, व्याज, कर्जफेड यातलं काही बोलणार नाही. आज चित्राविषयी बोलायचं आहे. तुम्ही लगेच म्हणाल, "आम्हाला कुठं चित्र काढाया येतंय?" आमच्या गटातल्या एक मावशीही असंच म्हणाल्या होत्या. बैठक संपल्यावर मी त्यांच्यापुढे नातीच्या वहीचा कागद आणि खडू ठेवला. म्हटलं, जी जागा सारखी आठवते ती काढा. त्यांनी एक बांध काढला, बांधावर बाभळ आणि खाली काळं रान. ते रान कर्जापायी विकावं लागलं होतं. त्याविषयी त्या आमच्यापुढे कधीच बोलल्या नव्हत्या. चित्र झाल्यावर मात्र बोलल्या, रडल्या आणि मग चहा घेऊन घरी गेल्या.

निसर्गचित्रातून मन मांडणं म्हणतात ते हेच. झाड हुबेहूब दिसलं पाहिजे असं नाही. त्या झाडाकडे बघून आपल्याला काय वाटतं, ते कागदावर उतरलं की झालं.

सय्यद हैदर रझा नावाचे मोठे चित्रकार होऊन गेले. जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातला. वडील जंगल खात्यात नोकरीला, त्यामुळे लहानपण मंडला भागातल्या रानात गेलं. शाळेत त्यांचं चित्त ठरत नव्हतं. तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे ते नागपूरला आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले. १९५० साली फ्रान्सला गेले आणि साठेक वर्षं तिकडेच राहिले. आधी ते घरं, गल्ल्या, डोंगर दिसतील तसे काढायचे. हळूहळू आकार विरघळले आणि रंगच बोलू लागले. शेवटी शाळेतला तो ठिपका 'बिंदू' होऊन चित्रात आला. ज्यातून सगळं उगवतं ते बी, असा त्याचा अर्थ. पंचमहाभूतांसाठी त्यांनी पाच रंग घेतले : काळा, पांढरा, तांबडा, निळा, पिवळा. २०१६ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना माती दिली.

हे काम शिकल्या-सवरलेल्यांचंच आहे असंही नाही. पालघर-डहाणूकडच्या वारली समाजात लग्नाच्या वेळी सवाष्णी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक काढतात. मध्ये पालघट देवी, भोवती झाडं, सूर्य, चंद्र. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मुळात ती बायकांच्या हातातली.

आणि आपली येळवस काय वेगळी आहे? कडब्याची कोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, आंबिलीचा नैवेद्य दाखवून काळ्या आईच्या पाया पडायचं. रानात देव बघायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तेच कागदावर आणायचं.

ते पाच रंगही आपल्या घरात आहेत. गेरू, चुना, हळद, कपड्याची नीळ आणि तव्याची काजळी. बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी गाळून थोडा थोडा रंगात मिसळा, म्हणजे वाळल्यावर रंग हाताला लागत नाही. हळदीत चुना मिसळू नका, ती लाल होते. हळदीचा रंग उन्हानं उडतो, म्हणून चित्र सावलीत लावा. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका.

आता बसा कशा? आधी थोडा वेळ गप्प. मनात एकच जागा आणा : माहेरची विहीर, घरणी नदीचा काठ, उभी तूर, काहीही. मग जमीन आणि आभाळ जिथं मिळतं तिथं आडवी रेघ ओढा. मन जमिनीत गुंतलं असेल तर रेघ वर घ्या, मोकळं आभाळ हवं असेल तर खाली. मग जो रंग हाताला येईल तो लावा.

गटासाठी तीन नियम ठेवा. कुणाच्या चित्राला हसायचं नाही. त्याचा अर्थ दुसरीनं सांगायचा नाही. आणि तिथं बोललेलं तिथंच ठेवायचं, गावात न्यायचं नाही. तिसरा नियम मोडला तर पुन्हा कुणी खडू हातात घेणार नाही.

एक लक्षात असू द्या. चित्रानं मन हलकं होतं, पण ते औषध नव्हे. कुणाची झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर आशाताईला सांगा किंवा १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीत हिशेबाची वही उघडायच्या आधी अर्धा तास काढा. त्या मावशींनी आता दुसरा कागद मागून घेतलाय.