तिसऱ्या बाकावरची पेंग

दम्याच्या पंपाला जोडायचा स्पेसर कसा वापरायचा ते आज सांगणार होतो. ते पुढे ढकलतोय, कारण सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. बाई लिहितात : ‘सहावीतला एक मुलगा पहिल्या दोन तासांना हटकून पेंगतो. सारखा नाक चोळतो, वाचताना ओळ चुकतो. आईला बोलावून विचारलं तर म्हणाली, काही नाही हो बाई, त्याला कायमचीच सर्दी आहे. दम्यावर तुम्ही एवढं लिहिलंत, या नुसत्या सर्दीचं काय?’

नुसती सर्दी म्हणतात तिथेच सगळं अडतं. दम्याचं पोर धापा टाकायला लागलं की घर हलतं, रात्री-अपरात्री रिक्षा काढली जाते. अशी कायमची सर्दी म्हणजे बहुधा नाकाची ॲलर्जी. तिला कुणी घाबरत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते आणि मुलाची शाळा आतून पोखरते.

बाई, त्या मुलाच्या नाकाकडे एकदा निरखून बघा. शेंड्याच्या जरा वर आडवी रेघ दिसते का? तळहाताने नाक खालून वर घासत राहण्याच्या सवयीने ती उमटते. डोळ्यांखाली काळसर छटा असेल. नाकाच्या आत सूज असली की तिथल्या शिरांत रक्त तुंबतं, त्याची ती खूण. रात्री आडवं झाल्यावर नाक आणखी चोंदतं. मग तोंड उघडं टाकून झोपणं, घोरणं आणि पुन्हा पुन्हा अर्धवट जाग येणं. सकाळी मुलाला यातलं काही आठवत नाही. आईच्या हिशेबी पोरगं रात्रभर ढाराढूर झोपलेलं असतं.

त्यात भर पडते औषधाची. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत आणि सिरपांत क्लोरफेनिरामीन असतं. शिंका थांबतात हे खरं, पण हे औषध मेंदूत शिरतं आणि गुंगी आणतं. रात्री दिलेल्या डोसाचा अंमल सकाळच्या शाळेपर्यंत पुरतो. मूल शांत झालं म्हणजे गुण आला, असं घरच्यांना वाटतं. फेनिलेफ्रिन मिसळलेलं हेच औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३च्या डिसेंबरात सांगितलं. चौथीतल्या किंवा सहावीतल्या मुलाच्या अभ्यासाचा विचार मात्र कोण करतो?

तो विचार नेदरलँड्समध्ये झाला होता. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा ते बारा वर्षांच्या मुलांना संगणकावर नवा पाठ शिकवला आणि दोन आठवड्यांनी किती लक्षात राहिलं ते तपासलं. ॲलर्जी असून खरं औषध न मिळालेली मुलं निरोगी मुलांच्या मागे पडली. डायफेनहायड्रामीन हे जुनं, गुंगी आणणारं औषध मिळालेली त्यांच्याही मागे. गुंगी न आणणारं लोराटाडिन घेतलेल्यांनी बरीच भरपाई केली.

२००७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी तर प्रत्यक्ष परीक्षाच धरली. तिथे शालान्त परीक्षेचा सराव हिवाळ्यात होतो आणि खरी परीक्षा मे-जूनमध्ये, नेमकी गवताचे परागकण उडण्याच्या दिवसांत. १५ ते १७ वर्षांच्या १८३४ विद्यार्थ्यांच्या दोन्ही श्रेणी ताडून पाहिल्या. परीक्षेच्या दिवसांत ॲलर्जीचा त्रास असलेल्यांची श्रेणी घसरण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी जास्त निघाली. गुंगी आणणारं औषध घेतलेल्यांची ७० टक्क्यांनी. अभ्यास तोच, मूल तेच! हे आकडे मी भेटेल त्या पालकाला सांगतो. प्रत्येक शाळेच्या शिक्षकदालनात ते लावावेत, असं मला मनापासून वाटतं.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या एलिझाबेथ ज्युनिपर यांचं काम इथे सांगायलाच हवं. आजाराने मुलाचं रोजचं जगणं किती बिघडतं हे मोजायला त्यांनी प्रश्नावल्या केल्या. नाक-डोळ्यांच्या ॲलर्जीची, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीची प्रश्नावली २३ प्रश्नांची आहे. उत्तरं मुलानेच द्यायची, पालकांनी मध्ये बोलायचं नाही. मोठ्यांना या आजाराने चिडचिड होते, उदास वाटतं. लहान मुलांच्या तक्रारी निराळ्या निघाल्या : सारखं नाक पुसावं लागतं, रुमाल बाळगावा लागतो, औषध घ्यावं लागतं. किशोरवयात मात्र अभ्यासात लक्ष लागत नाही ही तक्रार ठळक होते. दम्याच्या प्रश्नावलीत तर आपल्याला अडणाऱ्या तीन गोष्टी मूल स्वतः निवडतं. एखाद्याच्या यादीत खो-खो असेल, एखाद्याच्या यादीत मांजर. आम्ही डॉक्टर शिंका आणि झटके मोजत बसतो. मुलाचं दुःख भलतीकडेच असतं.

तेव्हा बाई, आईला सांगा, मेडिकलमधली गोळी देत असाल तर ती बंद करून मुलाला डॉक्टरांकडे न्या. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा हा मुख्य उपचार आहे. नावाला घाबरू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो मुलांना देता येतो. पण तो रोज घ्यावा लागतो आणि गुण यायला काही दिवस लागतात. दोन दिवसांत सोडून दिला तर उपयोग नाही. फवाऱ्याचं तोंड मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरायचं.

आणि एक गोष्ट शाळेच्या हातातली. धूळ नि ओल आपल्याकडे आहेच, पण पावसाळ्यात आणि त्यानंतर गाजरगवत जोमाने फुलतं. म्हणजे ऐन सहामाहीच्या तोंडावर. १९५०च्या दशकात पुण्यात नोंद झालेलं हे तण आता प्रत्येक मैदानाच्या कडेला आहे. त्याच्या परागांनी नाक वाहतं, पानाफुलांच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते. श्रमदानात ते मुलांकडून उपटून घेतलेलं मी पाहिलंय. कृपा करून तसं करू नका. फुलण्याआधीच, हातमोजे घालून, मोठ्या माणसांनी ते मुळासकट काढावं आणि ॲलर्जीच्या मुलांना त्या दिवशी मैदानापासून लांब ठेवावं.

स्पेसर पुढच्या आठवड्यात, नक्की.