सत्तावीसशे व्हॉल्व्हचे यंत्र

माझ्या लहानपणी आमच्या रेडिओचा एखादा व्हॉल्व्ह गेला, की वडील पेचकस घेऊन बसत. व्हॉल्व्ह सारे पाचसहा. पण त्यातला दोषी कोणता, हे शोधण्यात अख्खा रविवार सरे.

मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींची काय अवस्था झाली असेल! त्यांच्या गणकयंत्रात व्हॉल्व्ह होते सुमारे २,७००! १९५४ साली त्यांनी काम हाती घेतले, तेव्हा पाहून शिकावे असे एकही डिजिटल इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र भारतात नव्हते. डॉ. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी छोटे यंत्र करून पाहिले. ते १९५६ मध्ये चालले. मोठे १९६० मध्ये पुरे झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे बारसे केले, ‘टिफ्रॅक’!

पण दैव पाहा! तोवर परदेशी यंत्रांत व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली होती. १९६४ मध्ये संस्थेतच मोठे अमेरिकन यंत्र आले.

मग एवढा खटाटोप फुकट गेला का? मला तसे वाटत नाही. यंत्र विकत आणता येते. ते आतून जाणणारी माणसे घडवावी लागतात. आमचा रेडिओ केव्हाच भंगारात गेला; पण वडिलांनी माझ्या हाती दिलेला पेचकस मी अजून वापरतो.