धातूचा थकवा आणि बसविलेला दात

डिचोली तालुक्यात खनिजाचे ट्रक धावताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना कमान तुटणे म्हणजे काय हे सांगावयास नको. कमानीचा पाटा सर्वांत जड खेपेलाच तुटतो असे नाही. हजारो खड्डे सोसल्यावर एखाद्या साध्या खेपेलाही तो तुटतो. धातूत बारीक तडा जन्मतो आणि पुढच्या प्रत्येक धक्क्याला तिळातिळाने वाढतो. हाच धातूचा थकवा. जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी १८५० नंतर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून तो पद्धतशीर मोजला.

हाच नियम तोंडातही चालतो. १९६५ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी एका रुग्णाच्या जबड्याच्या हाडात टायटॅनियमची कृत्रिम मुळे बसविली. आता ही पद्धत रूढ झाली आहे. हाडात मूळ, मुळावर खुंटी, खुंटीवर दात, आणि मूळ व खुंटी यांना आवळून धरणारा बारीक स्क्रू, अशी ही रचना असते.

ती किती टिकेल? आपण हिशेब करू. तीन जेवणे, प्रत्येकी पंधरा मिनिटे, सेकंदाला एक चावा धरला तर दिवसाला २,७०० आणि वर्षाला सुमारे दहा लाख चावे होतात. प्रयोगशाळेत मूळ ३० अंश तिरपे धरून यंत्राने पुन्हा पुन्हा दाबतात. हाड झिजले आहे असे समजून त्याचा ३ मिलिमीटर भाग उघडा ठेवतात. पन्नास लाख दाबांनंतरही जो भार सोसला जातो, तो मर्यादा म्हणून धरतात. आपल्या हिशेबाने ही पाच वर्षे झाली; पण सगळेच चावे पूर्ण जोराचे नसतात, आणि भार थोडा कमी झाला तरी आयुष्य कितीतरी पटींनी वाढते. उलट जत्रेतले कडक खाजे किंवा झोपेत दात खाण्याची सवय ते घटविते. म्हणून यातून तारीख निघत नाही, अंदाज निघतो.

खरी गोम स्क्रूत आहे. घट्ट आवळलेला स्क्रू जोड दाबून धरतो, त्यामुळे चाव्याचा बराचसा भार जोडच पेलतो. स्क्रू सैल झाला की प्रत्येक चाव्याला तोच वाकतो आणि लवकर थकतो. तेव्हा दात किंचित हलू लागला, तर 'दुखत नाही ना, मग पाहू' असे म्हणून पेडण्याहून बांबोळीच्या दंतमहाविद्यालयाची फेरी पुढे ढकलू नये. सैल स्क्रू आवळता येतो, बदलता येतो. तुटलेला तुकडा काढणे अवघड. आणि मूळच तुटले, तर ते हाड कोरून काढावे लागते.