डॉक्टरांचा वेळ, रुग्णाचा जीव

"डॉक्टर, दोन मिनिटांच्या तपासणीसाठी दोन तास बसावे लागते!" ही तक्रार मी गेली २७ वर्षे ऐकतो आहे. पूर्वी मी हसून म्हणत असे, "गर्दी बघताय ना?" आठ वर्षांपूर्वीच्या एका सोमवारनंतर मात्र ते हसू येईनासे झाले.

सोमवार हा आमच्या गावचा आठवडी बाजार. खेड्यापाड्यांतील माणसे बाजार आणि दवाखाना एकाच फेरीत उरकतात. त्या दिवशी पन्नाशीचे एक शेतकरी आले. "छातीत जळजळतंय, पित्त झालंय," असे त्यांनी कंपाउंडरला सांगितले. त्याने केसपेपर काढून ३७ नंबर दिला. सव्वा तास ते भिंतीला टेकून बाकावर बसून होते. आत आले तेव्हा सदरा घामाने चिंब भिजलेला. कार्डिओग्राम काढला, तर हृदयविकाराचा झटका! तातडीचे उपचार करून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. जीव वाचला, पण हृदय कमजोर झाले ते कायमचे. पुढे त्यांनी बैलजोडी विकली आणि शेत वाट्याने दिले. मला मात्र एवढेच म्हणाले, "गर्दी होती, तुम्ही तरी काय करणार?"

त्या सव्वा तासात मी आत काय करीत होतो? एकाची जुनी चिठ्ठी शोधली, दोघांना सर्टिफिकेटे लिहून दिली, एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीशी बोललो आणि "अक्षर लागत नाही" म्हणून मेडिकलवाल्याचे आलेले तीन फोन घेतले. म्हणजे वेळ होता. तो भलतीकडे जात होता.

आमच्या तालुक्यातील डॉक्टर महिन्यातून एकदा जमतात. त्या महिन्यात मी ही चूक सर्वांसमोर सांगितली. क्षणभर कोणी बोलेना. मग एकेक जण आपला अनुभव आणि आपली युक्ती सांगू लागला. त्यांतील काही गोष्टी वाचकांनीही जाणून घ्याव्यात अशा आहेत.

नंबराआधी प्रश्न

आता आमचा कंपाउंडर नाव लिहिण्याआधी विचारतो, "छातीत दुखतंय का? दम लागतोय का? घाम, चक्कर?" एकाचे जरी उत्तर 'हो' आले, तरी तांबडे कार्ड हातात देऊन तो रुग्णाला थेट आत आणतो. साप चावलेला, विषारी औषध पोटात गेलेला, झटके येणारा, अंगावरून रक्त जाणारी गर्भवती, दूध न ओढणारे तान्हे मूल, यांना नंबर नाही. हृदयविकारात रक्त न मिळाल्याने हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो, म्हणून ही घाई.

बाहेरचे काम बाहेरच

आमच्या बालरोगतज्ज्ञ मैत्रिणीच्या दवाखान्यात मुलाचे वजन आणि ताप बाहेरच पाहतात. जुलाब होत असतील तर नंबर येईपर्यंत आई वाटीचमच्याने मीठ-साखरेचे पाणी म्हणजे ओआरएस पाजत बसते. थांबण्याच्या वेळेतच उपचार सुरू होतात! मी बी.पी. आणि मधुमेहाच्या जुन्या रुग्णांसाठी गुरुवारची दुपार राखून ठेवली. त्यामुळे बाजारच्या दिवशीची गर्दी हलकी झाली.

याचे मोठे उदाहरण मदुराईचे. तेथे डॉ. जी. व्यंकटस्वामी यांनी १९७६ साली अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. तेथे शस्त्रक्रियेच्या खोलीत दोन टेबले शेजारी असतात. एका रुग्णाचा मोतीबिंदू काढून होतो तोवर प्रशिक्षित परिचारिका दुसऱ्याची तयारी करून ठेवतात. डॉक्टरांनी करायचे तेवढेच डॉक्टर करतात.

यादी आणि अक्षर

आमचे सर्जन मित्र म्हणाले, "मी स्मरणशक्तीवर विसंबत नाही." जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. रुग्ण हाच ना? बाजू हीच ना? शेवटी कापसाचे बोळे, सुया मोजल्या ना? आठ देशांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. यादी वाचायला वेळ लागतो तो जेमतेम दोन-तीन मिनिटे.

माझा धडा मात्र अक्षराचा होता. २०१६ साली तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत असा नियम केलाच होता. मी तो मनापासून पाळू लागलो, आणि मेडिकलवाल्याचे फोन थांबले!

आपण काय कराल?

१. जुन्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून आणा. "ती पांढरी गोळी" म्हटल्याने काही कळत नाही.

२. मुख्य त्रास आधी सांगा. "जाता जाता एक विचारतो" असे म्हणून छातीतले दुखणे शेवटी सांगणारे पुष्कळ भेटतात.

३. छातीत दडपण, घाम, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, याला घरीच 'पित्त' ठरवू नका. मधुमेह्यांत तर दुखणे फारसे जाणवतही नाही. अशा वेळी स्वतः गाडी चालवू नका. १०८ ला फोन करा.

आणि एक विनंती. तांबडे कार्ड घेऊन कोणी पुढे गेले की बाकावरून हमखास आवाज येतो, "आमचा नंबर आधी होता!" तुमचा नंबर आधी होता हे खरे. पण त्या सोमवारी ३७ व्या नंबराच्या आधीही ३६ जण होते, आणि त्यांतील कोणीही त्या माणसाला खुशाल पुढे जाऊ दिले असते. फक्त त्यांना कोणी विचारले नाही.