सायकल घेण्याआधी रस्ता पाहा

वर्ध्याहून सेवाग्राम सात-आठ किलोमीटर. रस्ता डांबरी, बराचसा सपाट. तरी दुकानात पोरांची नजर जाते ती जाड, खडबडीत टायरच्या ‘एमटीबी’वर, म्हणजे माउंटन बाइकवर! डोंगरातल्या सुट्या मातीत त्या टायरचे उंचवटे रुततात, म्हणून पकड मिळते. डांबरावर ते रुतणार कुठे? तेच रबर प्रत्येक फेऱ्यात दबतं, सुटतं आणि पायांची ताकद उष्णता होऊन वाया जाते. ताशी 12 किलोमीटरच्या निवांत वेगाला असा टायर हवेपेक्षा जास्त अडवतो. पुढचे शॉकअप उभं राहून पॅडल मारताना थोडी ताकद गिळतात, वजन वाढवतात ते वेगळंच. शाळा-कॉलेजला गुळगुळीत, मध्यम रुंदीचा टायर पुरे. गिअर खरे कामाचे वर्ध्यातल्या हिंदी विश्वविद्यालयाच्या टेकडीवर.

वावरात जायचं असेल तर हिशेब बदलतो. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्डात अशी ठासते की चाकच फिरत नाही. तिथे बोटभर तरी फट हवी. कापसाचं गाठोडं न्यायला 28 इंची चाकांची जुनी काळी सायकल आणि लोखंडी कॅरिअरच बरं. बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचं सामान सोबत ठेवा.