सावलीच्या झाडालाही ऊन लागते

आमच्या चौसाळ्यात एप्रिल लागला की दुपारी बारा ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही. वस्तीतली पत्र्याची घरे अशी तापतात की आत बसवत नाही. मग म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि ऊसतोडीहून अजून न परतलेल्या आई-बापांची मागे राहिलेली पोरे, सगळी समाजमंदिरापुढच्या लिंबाखाली येतात. कुणी डाळ निवडते, कुणी वाकळ शिवते, कुणी तिथेच अभ्यासाला बसते. १९७२ च्या दुष्काळानंतर हे झाड लावले, असे जुनी माणसे सांगतात. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा कडेची कितीतरी जुनी झाडे गेली. त्यानंतर तर वस्तीला मोठी सावली एवढीच उरली.

हे झाड आम्ही मारायला काढले होते. शत्रूने नव्हे, आम्हीच, तेही कौतुकाने. २०१८ सालच्या जयंतीआधी वर्गणी जमवली आणि लिंबाभोवती कट्टा बांधला. दीड फूट उंच भिंत, आत मुरमाचा भराव, वर सिमेंट आणि शहाबादी फरशी, थेट खोडाला भिडवलेली. जमाखर्च आम्हीच लिहिला. सिमेंट, वाळू, मिस्त्रीची मजुरी, सगळे पैशापैशाला जुळले. बी. कॉम.ला घसारा शिकलेल्या माणसाला झाडाचा घसारा मात्र कुठल्याच रकान्यात दिसला नाही.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. आपल्या जिल्ह्याची पावसाची सरासरी मुळात सुमारे ६६६ मिलिमीटर. तीही गाठली नाही आणि ऑक्टोबरअखेर सरकारने दुष्काळ जाहीर केला. २०१९ च्या वैशाखात लिंबाच्या पश्चिम अंगाची पाने कडेने करपू लागली. लिंब माघ-फाल्गुनात पाने गाळतो आणि पाडव्याच्या सुमारास नवी पालवी घेतो. त्या पानगळीला भिण्याचे कारण नाही. पण नवी पालवी फुटून गेल्यावर पाने डहाळीवरच वाळून लटकली, तर झाड संकटात आहे असे समजावे. आमची पाने लटकलेली होती.

वाचक म्हणतील, लिंब तो, त्याला उन्हाचे काय? लिंब काटक खराच. पण झाडाला थंड राहण्याचा एकच मार्ग असतो. मुळांनी पाणी वर ओढायचे आणि पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफेच्या रूपाने सोडायचे. आपल्याला घाम येतो तसेच हे. म्हणूनच लिंबाखालचा गारवा मांडवाखाली मिळत नाही. मांडव फक्त ऊन अडवतो, झाड हवाही निववते. मुळांना पाणी मिळेनासे झाले की झाड ती छिद्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण पान तापते आणि करपते. पाणी पिणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या फूट-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. आम्ही त्यांच्यावर भराव टाकून वर झाकण बसवले होते. बेचाळीस-त्रेचाळीस अंशाच्या उन्हात त्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून पाहा, म्हणजे खाली काय चालले असेल ते कळेल. शिवाय खोडाला मुरूम टेकला की तिथली साल ओलीत कुजते, ते निराळेच.

कट्टा फोडायचे आम्ही बैठकीत सुचवले तेव्हा गलका झाला. “लोकांच्या वर्गणीचा आहे, फोडता कसा?” हा प्रश्न रास्तच होता. “मग आम्ही बसायचं कुठं?” हा बायांचा प्रश्न त्याहून रास्त. एका ज्येष्ठ उपासकांनी विचारले, “झाडाची शोभा केली, त्यात काय वाईट?” त्यांना आम्ही बुद्धगयेची हकिकत सांगितली. तिथला जुना बोधिवृक्ष १८७६ साली वादळात कोसळला; आज उभा आहे तो कनिंगहॅम यांनी १८८१ साली लावलेला. त्याची तपासणी डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ करतात. त्यांनीही मुळांभोवतीचे सिमेंट काढण्याचा सल्ला दिला. जगभरातून लोक ज्याच्या दर्शनाला येतात त्या झाडाचे मूळही मोकळे करावे लागते, तर आमच्या लिंबाचे काय? दिल्लीत तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली झाडांभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. ज्येष्ठ उपासक काही बोलले नाहीत, पण फोडायच्या दिवशी पहार घेऊन आले.

भर उन्हात मात्र फोडला नाही. तहानलेल्या झाडाची मुळे उन्हाळ्यात दुखावली तर आणखी घाव बसतो. तोवर फरशीच्या सांध्यांतून पहारीने भोके पाडून पाणी मुरवले. पहिले दोन पाऊस झाल्यावर फरशी उचलली, मुरूम हाताने आणि खुरप्याने काढला. कुदळ लावू दिली नाही. जुनी जमीन लागली तिथे थांबलो. त्याच फरश्यांची बसण्याची बाके झाडापासून सहा-सात फुटांवर केली, म्हणजे वर्गणीही वाया गेली नाही.

खरा पेच पाण्याचा होता. टँकर आल्यावर घागरीसाठी भांडणे होतात त्या वस्तीत झाडाला पाणी घाला म्हणायला तोंड कसे उघडावे? बायांनीच वाट काढली. भाजी-धान्य धुतलेले, भांडी शेवटी विसळलेले, बिनसाबणाचे पाणी वेगळे ठेवायचे. साबण-पावडरचे पाणी घालायचे नाही आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे टाकाऊ पाणीही नाही, कारण त्यात क्षार फार. शनिवारी दिवस मावळल्यावर बावीस घरांतून प्रत्येकी पंधरा लिटरची एक बादली, म्हणजे ३३० लिटर. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा असे भरपूर पाणी बरे; ते खोल मुरते आणि मुळेही खाली उतरतात. पाणी खोडाशी ओतत नाही. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या आत-बाहेर उथळ आळे केले आहे, तिथे घालतो.

त्या आळ्यावर उसाच्या पाचटाचा चार बोटे थर. पाचटाची आपल्या लोकांना ओळख करून द्यायला नको! पाचट नसेल तर तुरीचे भुसकट, वाळलेला पाला, काहीही चालेल. थर खोडापासून वीतभर दूर हवा. त्याने जमीन तापत नाही आणि ओल टिकते. पूर्वी आम्ही झाडाखालचा पाला झाडून तिथेच पेटवत असू. तो जाळ बंद केला. समाजमंदिराच्या पत्र्याची पन्हाळही झाडाकडच्या खड्ड्यात सोडली. हजार चौरस फूट पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लिटरहून थोडे जास्तच पाणी मिळते. पूर्वी ते गटारात जायचे.

उन्हाळ्यात फांद्या छाटू नयेत, युरिया टाकू नये. उघड्या जागेवरच्या कोवळ्या रोपाच्या खोडाला चुना लावावा किंवा पश्चिमेकडून गोणपाट बांधावे, म्हणजे साल उन्हाने तडकत नाही. जयंती तर ऐन तापात येते. खोडाला खिळे ठोकून माळा लावणे, फांद्यांत हॅलोजन बांधणे, जनरेटरचा धूर झाडाकडे सोडणे, हे सगळे आम्हीही केले आहे. आता माळा सुतळीने बांधतो आणि जनरेटर रस्त्याच्या कडेला असतो.

एक सावधगिरी. वाळलेला प्रत्येक शेंडा उन्हाने वाळलेला नसतो. शेजारच्या तेलंगणात अलीकडच्या वर्षांत बुरशीमुळे लिंबाचे शेंडे जळण्याचा रोग पसरला. तो पावसाळ्यात आणि त्यानंतर जोर धरतो. भाद्रपदात शेंडे करपले तर पाणी वाढवण्याआधी कृषी अधिकाऱ्यास दाखवावे.

आमचा लिंब दोन पावसाळ्यांनी सावरला. पश्चिमेची मोठी फांदी तेवढी परत आली नाही. ती वाळलीच आणि हिवाळ्यात कापावी लागली. त्या खिंडीतून आता तीन वाजल्यानंतर ऊन आत येते आणि म्हाताऱ्यांना आपली बाजली पूर्वेकडे ओढून घ्यावी लागतात. दोनदा ओढायला आम्हीही हात लावला आहे.