उष्णतेचा कारभार

गडहिंग्लजच्या मुलखात थंडीचा अंमल असतो तो केवळ पहाटेपुरता. मार्गशीर्ष-पौषात हिरण्यकेशीकाठच्या उसाच्या फडांवर धुके उतरते खरे, परंतु ऊन वर आले की अंगावरची शाल आपोआप खांद्यावर जाते. सबब घर तापविण्याची तजवीज येथे कोणी केली नाही. जी झाली ती स्नानाच्या पाण्याची, आणि परसातला तांब्याचा बंब जाऊन न्हाणीघराच्या भिंतीवर विजेचा गीझर आला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची अडचण नेमकी उलट आहे. तेथे जलविद्युत विपुल असल्यामुळे बहुसंख्य घरे विजेनेच तापतात, आणि आपल्याकडे फरशीवाले जेथे स्कर्टिंगची पट्टी लावतात तेथे, खिडकीखाली, पत्र्याची लांबट पेटी बसविलेली असते. तिच्या खालच्या फटीतून गार हवा आत शिरते, तापलेल्या पात्यांवरून वर चढते आणि खोलीभर फिरते. हाच बेसबोर्ड हीटर. गीझर काय आणि ही पेटी काय, दोहोंवर आता मोबाइलवरून हुकूम घेणाऱ्या ‘स्मार्ट’ नियंत्रकाची नेमणूक होऊ लागली आहे. म्हणून या नव्या अधिकाऱ्याच्या अधिकाराची हद्द आधी पाहिली पाहिजे.

विजेचे १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता. या हिशेबात कोणताही नियंत्रक एक कवडीची भर घालू शकत नाही. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यावयाचे तर १००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १.१६ युनिट वीज खर्च होणारच, आणि २००० वॅटच्या गीझरला त्यासाठी सुमारे ३५ मिनिटे लागणारच. थर्मोस्टॅटची खुंटी ७५ अंशांवर फिरविल्याने पाणी लवकर तापत नाही. ते फक्त अधिक वेळ तापत राहते. बचत होते ती केवळ गळतीत. तापलेली टाकी भोवतालच्या हवेला आणि तापलेली खोली बाहेरच्या बर्फाला अहोरात्र उष्णता देत असते, व तापमानातील अंतर जितके मोठे तितकी ही देणगी मोठी. साठवणीच्या गीझरवरील ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारेसुद्धा या निष्क्रिय ऱ्हासावरूनच ठरतात. गावाचा सारा कुलकर्ण्याच्या लेखणीने वाढत नाही, लेखणीने गळती तेवढी थांबते. थर्मोस्टॅटचे काम याच जातीचे आहे.

या यंत्राचा पूर्वेतिहासही त्याला साजेसाच आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात व्हाइटवॉटर येथील अध्यापन विद्यालयात वॉरेन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्गाची ऊब कमीजास्त करण्याकरिता शिपाई वारंवार आत येई आणि व्याख्यानात व्यत्यय आणी, यावर उपाय म्हणून त्यांनी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट घडविला व १८८३ साली त्याचे पेटंट घेतले. तो उष्णतेला स्वतः हात लावीत नसे. तळघरातील भट्टीपाशी घंटा वाजवून तो शिपायाला फक्त वर्दी देई.

वर्दी देणे आणि विजेचा संपूर्ण प्रवाह स्वतःच्या अंगावरून जाऊ देणे, यांतला भेद बसविणाऱ्याने विसरता कामा नये. मध्यवर्ती भट्टीच्या घरांतील थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या बारीक तारांवर वर्दीचेच काम करतो. बेसबोर्डचा थर्मोस्टॅट मात्र २४० व्होल्टचा भार प्रत्यक्ष जोडतो आणि तोडतो. पहिल्या जातीचे नामांकित उपकरण दुसऱ्या जागी लावणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. शिवाय तेथे दोन्ही तारा जिवंत असतात, म्हणून आधी जोडखटक्याचा ब्रेकर पाडून टेस्टरने दोहोंची खातरजमा करावी लागते. एका मंडलावरील सर्व पेट्यांच्या वॅटांची बेरीज नियंत्रकाच्या क्षमतेत बसली पाहिजे. २० अँपिअरच्या ब्रेकरवर दीर्घकाळचा भार ८० टक्के, म्हणजे १६ अँपिअर अथवा ३८४० वॅट, इतकाच ठेवण्याचा तेथील दंडक आहे. आणखी एक अडथळा जुन्या घरांत हटकून येतो. भिंतीतील डबीत दोनच तारा असल्या तर जुना थर्मोस्टॅट खुशाल चालतो, परंतु नव्या उपकरणाला स्वतः जागे राहण्यासाठीही अखंड वीज हवी असते. म्हणून अशी काही उपकरणे चार तारा मागतात, दोन पुरवठ्याच्या आणि दोन हीटरकडे जाणाऱ्या.

गडहिंग्लजच्या वायरमनपुढेही हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहतो. न्हाणीघराबाहेरच्या बोर्डात फेज येतो आणि स्विचमधून पुढे जातो. न्यूट्रल त्या डबीत असेलच असे नाही, आणि त्यावाचून बहुतेक वायफाय स्विच चालत नाहीत. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो, तेव्हा ६ अँपिअरचा स्वस्त प्लग येथे सर्वथा नामंजूर, १० अँपिअरचाही काठावरचा. १६ अँपिअरचेच उपकरण घ्यावे, त्याने फेजच तोडावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. गीझरच्या पोटातील मूळ थर्मोस्टॅट आणि जादा तापल्यास वीज तोडणारा कटआउट यांना मात्र कोणत्याही परिस्थितीत वगळू नये: बाहेरचा स्मार्ट स्विच वेळ राखतो, तापमान राखतो तो आतला. पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवावे. दीर्घकाळ कोमट राहिलेल्या साठ्यात जंतूंची वाढ होऊ शकते.

मग ही नेमणूक कोणी करावी? ज्या घरात गीझरचे बटण दिवसभर चालू राहते, किंवा जेथे खोली रिकामी असतानाही हीटर तापत असतो, तेथे उपकरणाचा खर्च वसूल होण्याची आशा आहे. जेथे घरातली वडीलधारी माणसे स्नान आटोपताच बटण बंद करतात, तेथे ते काम आधीच, बिनपगारी आणि बिनचूक, होत आहे. दोन्हीकडे क्रम मात्र एकच: प्रथम तारेची ताकद, मग टाकीचे अथवा भिंतीचे उष्णतारोधक अस्तर, आणि यंत्राची हुशारी सर्वांत शेवटी.